फाटक सगळ्यांसाठी उघडा : नैरोबीतल्या आपल्या समाजाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ व कार्यकारिणी,
आपल्या समाजाचा हॉल, पार्कलँड्स, नैरोबी

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपली सूचना वाचली. हॉलच्या आवारात दर तीन महिन्यांनी रविवारी भरणारा कलाकारांचा आणि छोट्या उद्योजकांचा मेळा यापुढे भरणार नाही, आवार ‘फक्त सभासद व त्यांचे निमंत्रित’ यांच्यासाठी राहील, असा ठराव झाला आहे. कारणं चार दिली आहेत : सुरक्षा, स्वच्छता, पार्किंग आणि ‘समाजाच्या वास्तूचा मूळ उद्देश’. ठराव कार्यकारिणीच्या बैठकीतच झाला, सभासदांना विचारलं गेलं नाही. मेळ्यात येणाऱ्या कलाकारांना आणि विक्रेत्यांना तर कुणी कळवलंही नाही. त्यातल्या काहींना ही बातमी माझ्याकडून कळली. ती सांगताना मला मान वर करता आली नाही.

मी कार्यकारिणीला लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण ठराव मांडणारे आणि त्याला अनुमोदन देणारे दोघेही मराठी आहेत, मला वहिनी म्हणून हाक मारणारे आहेत. इंग्रजी आणि गुजराती प्रती हॉलच्या ऑफिसात दिल्या आहेत.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी या समाजाची आजीव सभासद. लग्न होऊन नैरोबीत आले तेव्हापासून याच हॉलमध्ये गौरी-गणपतीची आरास केली, हळदीकुंकवाच्या ओळीत बसले, मुलांची नाटकं बसवली. घरून शिवणकामाचा छोटा उद्योग करते आणि तो आज जो काही आहे तो या मेळ्यामुळे आहे.

मेळ्याच्या सुरुवातीच्या काळात माझ्या टेबलाशेजारी मचाकोसकडच्या एक विणकर बाई बसायच्या. त्या किओंडो, म्हणजे सायसलच्या (घायपाताच्या) टोपल्या, विणतात. सायसलचा धागा मांडीवर वळायचा, टोपलीच्या बुडाच्या मधोमध सुरुवात करायची आणि गोल गोल विणत वर यायचं. दिवसभर गिऱ्हाईक नसलं तरी त्यांचे हात थांबत नसत. टोपली सुरेख, पण आतून उघडी. सायसलचं कूस हाताला टोचतं, सुटी नाणी आणि पेन विणीतून खाली पडतात. माझ्या टेबलावर माहेरून आणलेल्या खणाचे तुकडे होते. त्यांनी एक हिरवा खण उचलला, टोपलीत घातला, काठ तोंडाशी बाहेर दुमडला आणि माझ्याकडे बघितलं. तिथून आमचं काम सुरू झालं. कारिओकोर मार्केटमधले एक चामडं शिवणारे गृहस्थ पट्टे करून देऊ लागले. हिशोबही त्या बाईंनीच पहिल्या बैठकीत मांडला : तुझं अस्तर एका संध्याकाळी होतं, माझी टोपली पंधरा दिवस घेते, तेव्हा वाटणी त्या मापाने. तशीच वाटणी आजवर चालू आहे. पिशवी विकली की तिघांच्या फोनवर एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे जमा झाल्याचा, मेसेज येतो. त्या पैशातून त्यांच्या नातीची शाळेची फी जाते. माझ्या मुलीच्या क्लासची फीसुद्धा.

ही ओळख बाजारात झाली नसती. कारिओकोर पार्कलँड्सपासून किती जवळ आहे हे आपण जाणता. तरी आपल्यातल्या किती बायका तिथे पायी गेल्या आहेत? आणि तिथल्या किती जणांनी आपल्या हॉलचं आवार आतून पाहिलं होतं? इंग्रजांनी हे शहर वसवलं तेच वाटून. वरच्या थंड टेकड्या गोऱ्यांना, पार्कलँड्स, न्गारा, पांगानी आपल्याला, आणि पूर्वेकडचे ईस्टलँड्स आफ्रिकनांना. इंग्रज १९६३ मध्ये गेले. नकाशावरच्या त्या रेघा कायद्याने पुसल्या, पण पायांना अजून त्यांचीच सवय आहे. हा मेळा त्या सवयीविरुद्धचा छोटासा प्रयत्न होता. मुकुरूच्या झोपडवस्तीतले चित्रकार, कामुकुंजीला पत्रा ठोकून पेट्या बनवणारे जुआ काली म्हणजे उघड्यावर काम करणारे कारागीर, मटाटू म्हणजे इथल्या प्रवासी मिनीबस रंगवणारी मुलं, आपल्या लोणची-मसाल्याच्या बायका, बिअशारा स्ट्रीटवरचे कांगा या छापील सुती कापडाचे व्यापारी, सगळे एका अंगणात टेबलं मांडून बसत.

त्यात एक न्यातितीवादक येत. न्यातिती म्हणजे लुओ लोकांचं आठ तारांचं वाद्य. वादक जमिनीलगत बसतो, बोटांनी तारा छेडतो, पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं घालून त्याने वाद्याच्या कडेवर ठेका देतो आणि घोट्याला बांधलेले घुंगरू त्याच ठेक्यात वाजतात. एकच माणूस गाणं, सूर आणि ताल तिन्ही सांभाळतो. आपल्या तबल्याच्या वर्गातला एक मुलगा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि तो ठेका तबल्यावर धरू पाहत होता. जमत नव्हतं. ते थांबत, अंगठ्याने पुन्हा वाजवून दाखवत, हा पुन्हा प्रयत्न करी. जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघं उठेनात. त्या मुलाची आजी या कार्यकारिणीतल्या एका सदस्याच्या आई आहेत. त्यांनी स्वतः दोघांसाठी ताट आणलं. हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

आता आपल्या कारणांकडे येते.

सुरक्षा. या मुद्द्यावर मी हलकेपणाने बोलणार नाही. २०१३ च्या सप्टेंबरात वेस्टगेट मॉलवर दहशतवादी हल्ला झाला, ६७ जणांचे प्राण गेले, आणि पार्कलँड्स-वेस्टलँड्समध्ये त्यातल्या कुणाला ओळखत नव्हतं असं घर सापडणं कठीण होतं. १९८२ च्या १ ऑगस्टचा फसलेला लष्करी उठावही आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे, आपल्या लोकांची दुकानं लुटली गेली, घरात शिरून बायकांवर अत्याचार झाले. ही भीती खोटी आहे असं कोण म्हणेल? पण याच कार्यकारिणीतल्या एका काकांनी मला सांगितलं होतं की त्या दिवशी त्यांच्या दुकानाच्या कुलपापुढे त्यांचा फुंडी, म्हणजे कारागीर, उभा राहिला, म्हणून दुकान वाचलं. ओळख होती म्हणून तो उभा राहिला. ओळखी होण्याची जागाच बंद करून सुरक्षा कशी वाढते, ते मला समजावून सांगा.

शिवाय मेळ्यात काही चोरी, भांडण, गैरप्रकार झाल्याची नोंद हॉलच्या रजिस्टरमध्ये असेल तर ती सभासदांपुढे ठेवा. मी रजिस्टर पाहायला मागितलं, मिळालं नाही.

आणि फाटकावर जे होत होतं त्याला सुरक्षा म्हणता येत नाही. मी स्वतः पाहिलेलं सांगते. मुकुरूचा एक तरुण चित्रकार खांद्यावर गुंडाळलेले कॅनव्हास घेऊन फाटकाबाहेर उन्हात उभा होता. त्याचं ओळखपत्र ठेवून घेतलं होतं, पिशवी रिकामी करून पाहिली होती, आणि आता ‘आतून कुणी घ्यायला येईपर्यंत’ त्याला थांबवलं होतं. स्टॉलच्या यादीत त्याचं नाव होतं. तेवढ्यात माझा पुण्याहून आलेला भाचा खिशात कागदाचा कपटाही नसताना हात हलवत आत गेला. फाटकावरच्या गार्डला मी विचारलं. तो बिचारा काकामेगाकडचा, स्वतः आफ्रिकन. म्हणाला, हुकूम आहे ताई, चेहरा बघून ठरवायचं. हा हुकूम कुणी दिला? लेखी आहे का? केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचं सत्ताविसावं कलम वंश आणि वर्णावरून भेद करायला मनाई करतं, आणि ती मनाई सरकारइतकीच खासगी माणसांना आणि संस्थांनाही लागू आहे. आपल्या विश्वस्तांत नामांकित वकील आहेत. त्यांना हे माझ्याकडून ऐकायची वेळ यायला नको होती.

तपासणी करायची तर सगळ्यांची करा. माझी पिशवी, माझ्या भाच्याची पिशवी, अध्यक्षांच्या गाडीची डिकी. मी तक्रार करणार नाही.

स्वच्छता. आवार शाकाहारी आहे हा नियम पहिल्या मेळ्यापासून सगळ्या स्टॉलवाल्यांनी पाळला. मांदाझी (तळलेला गोडसर पाव), भाजलेली कणसं, चपाती आणि घेवडा, इतकंच विकलं जायचं. संध्याकाळी स्टॉलवाले स्वतः अंगण झाडून जात. लग्नाच्या हंगामात या आवाराची काय अवस्था असते हे सफाई करणाऱ्यांना विचारा. स्वच्छतेबद्दल खरंच बोलायचं असेल तर मग हेही बोलूया की आफ्रिकन स्टॉलवाल्यांना हॉलमधली स्वच्छतागृहं वापरू दिली जात नव्हती. त्यांना मागे, नोकरांसाठीच्या संडासाकडे पाठवलं जायचं. माझ्या विणकर बाईंना, ज्यांचं वय माझ्या आईएवढं आहे, तिकडे जाताना मी पाहिलं आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

पार्किंग. स्टॉलवाले मटाटूने येतात आणि माल बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, आणतात. आवारात उभ्या असतात त्या आपल्या गाड्या.

मूळ उद्देश. चौथं कारण हेच. माझ्या मते ठराव खरा याच कारणासाठी झाला आहे आणि बाकीची तीन त्याच्या सोबतीला आणली आहेत. वास्तू आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून उभी केली, ती समाजासाठी आहे, ती खासगी मालमत्ता आहे, असं बैठकीत बोललं गेल्याचं कळलं. वाडवडिलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पुण्यात १८६८ साली महात्मा फुल्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना पाणी भरायला खुला केलेला हौद त्यांच्या घरचाच होता, खासगीच होता. ज्यांच्या फोटोला आपण हॉलमध्ये दरवर्षी हार घालतो त्यांनी खासगी मालमत्तेचं काय केलं हे आठवून ठराव करायला हवा होता.

आणि या देशातल्या आपल्या वाडवडिलांचा उद्देश काय होता? इतिहास काढून बघूया.

१८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणले गेले, अडीच हजारांच्या आसपास त्यात मेले. आपला या शहराशी संबंध इथून सुरू होतो, घाम गाळणाऱ्यांपासून. पुढे मणिलाल देसाईंनी नैरोबीत ‘ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र काढलं. इंग्रज राजवटीविरुद्ध उभे राहिलेले आफ्रिकन पुढारी हॅरी थुकू यांच्या चळवळीची पत्रकं छापायला कुणी धजत नव्हतं तेव्हा त्यांचा छापखाना मदतीला होता. १९५० च्या एप्रिलमध्ये ईस्टलँड्सच्या कालोलेनी हॉलमध्ये आफ्रिकनांची केनिया आफ्रिकन युनियन आणि इथल्या हिंदुस्थानी लोकांची काँग्रेस यांची एकत्र सभा भरली, आणि कामगार नेते मक्खन सिंगांनी तिथे पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी स्थानबद्धतेत काढली. तो साध्या वस्तीतला एक सामाजिक हॉल होता, त्याचं फाटक दोन्ही समाजांसाठी उघडं होतं, म्हणून तिथे ही गोष्ट घडू शकली.

पियो गामा पिंटो नैरोबीत जन्मलेले, आईवडील गोव्याचे. हिंदुस्थानात शिकले, मुंबईत नोकरी केली, गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं आणि केनियात परतून इथल्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर गरिबांच्या जमिनीचा प्रश्न सोडला नाही, आणि १९६५ च्या २४ फेब्रुवारीला त्यांच्याच घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे स्नेही जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. १९६६ मध्ये केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती झाले, काही महिन्यांत पद सोडलं आणि उरलेलं आयुष्य आफ्रिकेची कला आणि पुस्तकं जपण्यात घालवलं. ॲलन डोनोव्हन यांच्याबरोबर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शहराच्या मध्यभागी ‘आफ्रिकन हेरिटेज’ ही गॅलरी काढली. खंडभरातले मणी, कापड, कोरीवकाम तिथे विक्रीला यायचं आणि कारागिराला गिऱ्हाईक मिळायचं. तिच्या नावाचा बँड होता, आणि न्यातिती जगभर पोहोचवणारे अयुब ओगाडा त्या बँडचे एक संस्थापक. कला आणि धंदा एका छपराखाली आणायची कल्पना पन्नास वर्षांपूर्वी याच शहरात एका अर्ध्या गोवेकराने राबवून दाखवली आहे. मुरुंबी आणि पिंटो दोघांच्या समाध्या सिटी पार्कात जवळजवळ आहेत. आपल्यातले कितीतरी जण रोज सकाळी तिथे फिरायला जातात.

जीवनजी गार्डन आठवा. अलीभाई मुल्ला जीवनजींनी ती बाग शहराला दिली, फक्त आपल्या जमातीला नाही. १९९१ मध्ये तिच्यावर बांधकाम करण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्यांची नात झरीना पटेल रस्त्यावर उतरल्या आणि शहर त्यांच्या मागे उभं राहिलं, कारण बाग सगळ्यांची होती. आज दुपारच्या सुट्टीत तिथे प्रवचन करणारे असतात, भांडणारे असतात, झाडाखाली झोपलेले असतात. याच झरीनाबाईंनी झाहिद राजन यांच्यासह ‘अवाझ’ नियतकालिकातर्फे ‘समोसा’ महोत्सव सुरू केला, आशियाई आणि आफ्रिकन केनियन लोकांनी एकमेकांचं नाटक, संगीत, चित्रं पाहावीत म्हणून. २०१३ मध्ये गोडाउन आर्ट्स सेंटरच्या ‘नाय नी हू’ महोत्सवात एकेका वस्तीने शहराला आपल्या घरी बोलावलं आणि आपली गोष्ट सांगितली. अशा प्रयत्नांच्या रांगेत आपला मेळा अगदी लहान आहे. पण तो आपला होता, आपल्या अंगणात होता.

आणखी एक गोष्ट सूचनेत नाही, पण मला ती सगळ्यात जास्त खुपते. आफ्रिकन कलाकार आपल्याला नको आहेत असं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात ‘लोकल आयटम’ म्हणून ते आपल्याला हवे असतात. गेल्या वेळी नाचणाऱ्या मुलामुलींना मानधन दिलं नाही, त्यांची ओळख वाढेल असं सांगितलं. नाच झाल्यावर पाहुण्यांची पंगत आत बसली आणि त्यांना खाऊची पाकिटं बाहेर दिली. ती मुलं दोन मटाटू बदलून आली होती. ती स्टेजवर चालतात, मग शेजारी बसून आपला माल विकायला लागली की मूळ उद्देशाला बाधा का येते? कलाकाराला प्रेक्षकांबरोबर गिऱ्हाईकही लागतं, आणि भाडं भरायला टाळ्या पुरत नाहीत. मुकुरूचा वाजुकू हा कलाकारांचा गट २०२२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात होता. जगातले मोठे कलावंत जिथे आपलं काम दिसावं म्हणून वाट बघतात, तिथे मुकुरूच्या मुलांना सन्मानाने जागा मिळाली. पार्कलँड्स मुकुरूपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे.

काही सभासद मला म्हणाले की भेद काय आपणच करतो का, त्यांच्यातला श्रीमंत तरी मुकुरूत पाय ठेवतो का. खरं आहे, ठेवत नाही. कॅरेन-मुथाइगासारख्या श्रीमंत वस्त्यांतली माणसं आणि ईस्टलँड्सची माणसं यांच्यात दरी आहेच. आपल्यातही आहे. याच नैरोबीत गोवेकरांमध्ये हुद्द्याप्रमाणे वेगळे क्लब होते आणि शिंप्यांची सोसायटी वेगळी होती. आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर कुणाची शिफारस लागते आणि कुणाची चालते हे आपल्यालाही माहीत आहे. या मेळ्यात मी कॅरेनहून आलेल्या आफ्रिकन वकीलबाईंना कामुकुंजीच्या पत्रेवाल्याशी पेटीच्या कडीवरून घासाघीस करताना पाहिलं आहे, आणि आपल्या एका बड्या व्यापाऱ्यांना मटाटू रंगवणाऱ्या पोराला दुकानाची पाटी रंगवायचं काम देताना. आधी दुसऱ्यांनी करावं मग आम्ही करू, असं म्हणत राहिलो तर हे कधीच झालं नसतं.

२०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियनांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली तेव्हा आपल्या हॉलमध्ये पेढे वाटले गेले होते. बाकीच्या त्रेचाळीस जमातींनी आपल्याला आपलं म्हणावं असं आपल्याला वाटतं, तर त्यांच्यासाठी आपल्या फाटकावर वेगळा नियम ठेवता येणार नाही.

माझ्या आणि सोबत सह्या करणाऱ्या सभासदांच्या मागण्या अशा आहेत.

१. मेळा बंद करण्याचा ठराव स्थगित करावा आणि हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. कार्यकारिणीला अधिकार असतील, पण इतका मोठा निर्णय सभासदांना न विचारता होऊ नये.

२. फाटकावर सगळ्यांना एकच नियम लावावा आणि तो लेखी, इंग्रजी आणि स्वाहिलीत, फाटकावर चिकटवावा. चेहरा बघून ठरवायचा तोंडी हुकूम रद्द झाल्याचं गार्डना अध्यक्षांनी स्वतः सांगावं.

३. कार्यक्रमासाठी आवारात आलेल्या प्रत्येकाला हॉलमधली स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी मिळावं. यासाठी सभेची वाट पाहू नये, आजपासून करावं.

४. मेळ्याचं नियोजन करणारी समिती नेमावी आणि तिच्यात निम्मे सदस्य मेळ्यात येणारे आफ्रिकन कलाकार व कारागीर असावेत. स्टॉलचं भाडं, कुणाला कुठे जागा, हिशोब, सगळं त्या समितीने ठरवावं आणि हिशोब सूचनाफलकावर लावावा.

५. समाजाच्या कुठल्याही कार्यक्रमात सादरीकरण करणाऱ्या कलाकाराला, तो कुणीही असो, ठरलेलं मानधन त्याच दिवशी मिळावं आणि जेवणाची व्यवस्था पाहुण्यांबरोबरच व्हावी. मागच्या दिवाळीचं मानधन त्या मुलांना आता पोचतं करावं. रक्कम कार्यकारिणीने आणि त्यांनी मिळून ठरवावी.

६. मुकुरूच्या त्या चित्रकाराला आणि ठरावाआधी ज्यांची स्टॉलची नोंदणी झालेली होती त्या सगळ्यांना कार्यकारिणीने स्वाक्षरीचं पत्र पाठवून दिलगिरी कळवावी. त्यांनी भरलेले आगाऊ पैसे अजून परत गेलेले नाहीत. मेळा होणार नसेल तर तेही परत करावेत.

सुरक्षेचा खर्च वाढणार असेल तर स्टॉलच्या भाड्यातून आणि सभासदांच्या वर्गणीतून तो कसा भागवायचा यावर बसून बोलायला आम्ही तयार आहोत. दोन जास्तीचे गार्ड, सगळ्यांची तपासणी, संध्याकाळी पाचला मेळा बंद, हे सगळं आम्हाला मान्य आहे. मतभेद आहेत म्हणून मी सभासदत्व सोडणार नाही आणि हॉलविरुद्ध कुठे अर्जबाजीही करणार नाही. हा हॉल माझाही आहे.

सह्यांचा कागद रविवारी गणपतीच्या देवळाजवळच्या बाकावर, सकाळी दहा ते बारा, माझ्याकडे मिळेल. ज्यांना ठराव योग्य वाटतो त्यांनीही यावं, आपलं म्हणणं सांगावं, मी ऐकेन.

मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि उघड्या अंगणात मेळा घेता येत नाही. पावसाआधीचा मेळा व्हायचा असेल तर जानेवारीच्या अखेरीपर्यंत निर्णय हवा. मचाकोसच्या बायकांनी टोपल्या विणायला घेतल्या आहेत आणि त्या मला विचारत आहेत की किती घेऊन येऊ. मला त्यांना उत्तर द्यायचं आहे. ते आपल्या उत्तरावर अवलंबून आहे.

आपली,
एक आजीव सभासद
पार्कलँड्स, नैरोबी